एक ग्रॅम कोळसा

वीजकेंद्रात तिला सगळे राखताई म्हणत. बॉयलरवरचे कामगार, फाटकावरचा पहारेकरी, कँटीनवाला, एवढंच काय, मुख्य अभियंतेसुद्धा फोनवर चुकून तेच म्हणून जात. त्यात चिडवणं कमी आणि वर्णन जास्त होतं. केंद्रात जळायला येणाऱ्या कोळशात राख किती, हे सांगणं हे तिचं काम.

काम दिसायला सोपं होतं. तीन किलोमीटरवरच्या खाणीतून कोळसा लांबलचक पट्ट्यावरून केंद्रात यायचा. ठरावीक वेळाने पट्ट्यावरचा फावडंभर कोळसा काढायचा, फोडायचा, त्याचा शंकूसारखा ढीग करायचा, ढिगाचे चार भाग करायचे, समोरासमोरचे दोन ठेवायचे, दोन टाकून द्यायचे. असं करत करत पोतंभराचा मूठभर आणि मूठभराचा चमचाभर उरला की तो पिठासारखा दळायचा. त्यातला एक ग्रॅम चिनी मातीच्या बशीत घेऊन भट्टीत ठेवायचा. जळून गेल्यावर बशीत उरेल ती राख. ती थंड करून तोलायची आणि वहीत आकडा लिहायचा. दिवसभराच्या हजारो टनांची लायकी त्या एका ग्रॅमवर ठरायची. म्हणून ढीग करताना कुणी घाई केली की ती त्याच्या हातातलं फावडं काढून घ्यायची. "ढीग चुकला की पुढचं सगळं खोटं," एवढंच म्हणायची आणि पहिल्यापासून सुरू करायची.

तिचा थोरला भाऊ त्याच खाणीत पंपावर होता. खाण एकशे ऐंशी मीटर खोल, कोळशाचे तीन थर, आणि तिन्ही थरांत पाणी पाझरायचं. ते पाणी चोवीस तास उपसत राहणं हे दादाच्या पाळीचं काम. भाऊ पाणी काढतो, बहीण राख काढते, कोळसा या घरात कुणाच्या वाट्याला येतच नाही, असं लोक गमतीने म्हणत.

राखताईने लग्न केलं नव्हतं. वीजकेंद्राच्या वसाहतीत दोन खोल्यांत ती एकटी राहायची आणि दर रविवारी दुपारी दादाकडे जेवायला जायची. तिथे दादा आणि वहिनी, दोघंच. जेवताना दादा हटकून विषय काढायचा.

"काय गं, या आठवड्यात किती नावं ठेवलीस आमच्या कोळशाला?"

"नावं नाही ठेवली. दगडाला दगड म्हणाले."

"दगड असला तरी पेटतो ना?"

"पेटतो. पण पाटीभर जाळला की अर्धी पाटी परत बाहेर न्यावी लागते."

"अहो, तुमची राख आणि तुमचं पाणी जेवण होईपर्यंत बाजूला ठेवा बघू," वहिनी म्हणायच्या, आणि तेवढ्यापुरतं दोघंही गप्प बसायचे.

दादाला मनातून ठाऊक होतं की बहीण खोटं बोलत नाही. पूर्वी माणसं हाताने कोळसा खणत तेव्हा दगड खालीच वेगळा व्हायचा आणि राख तीस टक्क्यांच्या आसपास असायची. मग खणायची मोठी यंत्रं आली. यंत्राला कोळसा आणि छताचा दगड यांतला फरक कळत नव्हता. राख एकेचाळीसवर गेली. त्यावर उपाय म्हणून खाणीच्या तोंडाशी कोळसा धुण्याचा कारखाना उभारायचं ठरलं होतं. धुताना दगड खाली बसतो, कोळसा वर राहतो. कारखान्याचे चार खांब उभे राहिले आणि काम थांबलं, ते थांबलंच. खांबांवर वेली चढल्या.

राखताईच्या नोकरीच्या एकोणिसाव्या वर्षी देशाचं ऊर्जाधोरण बदललं. सगळ्यांनी ते बातम्यांतच ऐकलं. देशातला कोळसा निकृष्ट आहे, खणायला महाग आहे, बाहेरच्या देशांत याहून स्वच्छ कोळसा हवा तेवढा मिळतो, तेव्हा इथून पुढे किनाऱ्यावर मोठं बंदर बांधून कोळसा जहाजांनी आणायचा. ऊर्जा खात्याने त्यासाठी एक समिती नेमली. समितीचा एक अधिकारी राखताईच्या प्रयोगशाळेत येऊन बसला. जाड चष्मा, हळू आवाज, वागणं सभ्य. त्याने अकरा वर्षांच्या वह्या मागितल्या.

तिने त्या कपाटातून काढून, पुसून, वर्षवार लावून दिल्या. दोन दिवस तो वाचत बसला.

"इतक्या नीट ठेवलेल्या वह्या मी कुठेच पाहिल्या नाहीत," तो म्हणाला.

"मग एक गोष्ट त्यांच्यासोबत लिहून घ्या," ती म्हणाली. "या वह्यांतल्या सातव्या वर्षापासून राख वाढलेली दिसेल. ती कोळशाची नाही, यंत्राने मिसळलेल्या दगडाची आहे. धुण्याचा कारखाना झाला असता तर दहा टक्के सहज उतरली असती."

"बाई, मला आकडे गोळा करायला पाठवलंय. कारणं नाही विचारलेली."

"कारणाशिवाय आकडा म्हणजे अर्धाच."

त्याने मान हलवली आणि कागदावर काहीतरी लिहिलं. वह्या गाडीत घालून नेल्या, पोच दिली.

आठ महिन्यांनी अहवाल आला. मागे जोडलेल्या तक्त्यांत तिचे अकरा वर्षांचे आकडे होते, खाली 'प्रयोगशाळा सहायक' म्हणून तिच्या सहीचा छापा होता. दगडाचं, यंत्राचं, कारखान्याचं अक्षरही नव्हतं. खाण दोन वर्षांत बंद करावी, असा निष्कर्ष होता.

खाणीच्या कामगार संघटनेच्या सभेत चिटणिसाने तो तक्ता मोठ्याने वाचून दाखवला. सही कुणाची हे वाचायची गरज नव्हती, तरी त्याने वाचली. दादा दुसऱ्या रांगेत बसला होता. कुणी मागे वळून पाहिलं नाही आणि ते त्याला जास्त लागलं.

त्या रविवारी जेवणं झाल्यावर त्याने विचारलं, "आकडे खरे होते?"

"खरे होते."

"एकही चुकलेला नव्हता?"

"नाही. पण दादा, मी त्यांना सांगितलं होतं की..."

"मग झालं," तो म्हणाला आणि हात धुवायला उठला.

तो ओरडला असता तर बरं झालं असतं, असं वहिनी पुढे बऱ्याच जणांना सांगत. पुढच्या रविवारी राखताई आली तेव्हा दादा घरात नव्हता. त्याच्या पुढच्या रविवारीही नव्हता. तिसऱ्या रविवारी वहिनी दारातच म्हणाल्या, "वन्सं, तुम्ही या हो. मला तुमचं काही नाही. पण हे तुम्ही यायच्या आधी निघून जातात आणि उपाशी फिरतात." त्यानंतर राखताई गेली नाही. वहिनीच अधूनमधून दुपारच्या वेळी तिच्या खोलीवर यायच्या आणि इकडची खबर तिकडे करायच्या.

ठरल्याप्रमाणे दोन वर्षांनी खाण बंद झाली. खणणारे आधी गेले. पंपावरच्या चौघांना आणखी आठ महिने ठेवलं, कारण खालची यंत्रं काढेपर्यंत खाण कोरडी राहणं भाग होतं. तेवढ्या काळात दादाने खाणीच्या कार्यालयाला तीन अर्ज लिहिले. मजकूर एकच होता: खाण बंद ठेवायची तर ठेवा, पण कोरडी ठेवा. दोन पंप पुरेत. एकदा पाणी चढलं की छत भिजून कोसळेल, आणि पुढे कधी गरज पडली तर कोळसा असून नसल्यासारखा होईल. एकाही अर्जाला उत्तर आलं नाही. शेवटी पंप वर काढायचा हुकूम आला. त्या दिवशी सकाळी दहा वाजता दादाने स्वतःच्या हाताने खटका खाली केला. सव्वीस वर्षांत पहिल्यांदा खाणीच्या तोंडाशी उभं राहून पाखरांचा आवाज ऐकू आला, असं तो वहिनींना म्हणाला. पुढे तो गावात घरोघरच्या पाण्याच्या मोटारी दुरुस्त करू लागला. हात बसलेला होता, काम मिळत राहिलं.

इकडे वीजकेंद्रात बाहेरचा कोळसा आला. बंदरावरून आगगाडीने यायचा. राखताईने पहिला नमुना भट्टीतून काढला तेव्हा बशीत नखाएवढी राख होती. तोलली, सात टक्के भरली. तिने काटा तपासला, पुन्हा जाळली, पुन्हा सातच. कोळसा चांगला होता, हे तिने लपवलं नाही. बॉयलरची धुराडी पूर्वीसारखी राख ओकत नव्हती. वसाहतीत दोरीवर वाळत घातलेले पांढरे कपडे संध्याकाळपर्यंत पांढरेच राहायला लागले. बायका खूश होत्या. फक्त या कोळशाला एक खोड होती. ढिगात नुसता पडून राहिला तरी आतून तापायचा आणि कधीकधी आपोआप धुमसायचा, म्हणून त्याच्यावर पाण्याचे फवारे मारत राहावं लागे.

प्रत्येक जहाजासोबत परदेशातल्या बंदरावरचं तपासणीचं प्रमाणपत्र यायचं. करारात लिहिलं होतं की ते प्रमाणपत्र अखेरचं. मग इथे पुन्हा तपासायचं कशाला, असं कुणाच्या तरी डोक्यात आलं आणि प्रयोगशाळेतल्या पाच माणसांची दोन झाली. राखताई आणि एक वयस्कर मदतनीस. तिला कुणी थांबवलं नाही, कुणी विचारलंही नाही. ती आपली ढीग करत राहिली, जाळत राहिली, लिहीत राहिली.

पाच वर्षं ठीक गेली. सहाव्या वर्षी ज्या देशातून सगळ्यात जास्त कोळसा यायचा त्याने आपल्याच केंद्रांना पुरत नाही म्हणून निर्यात थांबवली. जगभर ओढाताण सुरू झाली. जिथून मिळेल तिथून जहाजं यायला लागली. केंद्रात महिनाभराचा साठा असायचा, तो दहा दिवसांवर आला, मग चारवर. उन्हाळा कडक होता आणि विजेची मागणी रोज वाढत होती.

त्यातच एक नवीन माल आला. प्रमाणपत्रावर ओलावा चौदा टक्के. राखताईने कोळसा मुठीत धरून दाबला आणि मूठ उघडली, तर गोळा तसाच राहिला, हातावर काळं पाणी. तिने नमुना वाळवून तोलला. ओलावा एकोणतीस. उष्णतेची चाचणी घेतली; कागदावर लिहिली होती त्यापेक्षा तिसऱ्या हिश्शाने कमी. तीनदा करून पाहिलं, तिन्ही वेळा तेच. ती आकडे घेऊन व्यवस्थापकाकडे गेली.

व्यवस्थापक नवीन होता, वाईट नव्हता. डोळ्यांखाली काळी वर्तुळं आली होती. त्याने कागद वाचला आणि बराच वेळ खाली ठेवला नाही.

"राखताई, हा माल परत पाठवला तर परवा वीजनिर्मितीचे दोन संच बंद पडतील."

"माहीत आहे."

"करारात त्यांचं प्रमाणपत्र अखेरचं आहे. तुमचा आकडा वहीत गेला तर मला तो वर कळवावा लागेल, आणि वरून विचारतील, माहीत असून जाळला कशाला?"

"मग काय करू म्हणता?"

"त्यांचाच आकडा उतरवून घ्या. एवढ्या एका मालापुरता."

राखताई खुर्चीत बसली नव्हती, उभीच होती. ती म्हणाली, "साहेब, जाळायचा की नाही ते तुम्ही ठरवा. तुमची अडचण मला दिसते. पण मी जे तोललं तेच लिहिणार. आणि एक सांगते, हा कोळसा चिखलासारखा चिकटेल. जाळणारच असाल तर चांगल्यात थोडाथोडा मिसळून जाळा."

चांगला फारसा उरलाच नव्हता. दुसऱ्या दिवशी सकाळी नवा माल तसाच लावला. दुपारपर्यंत दळणाऱ्या चक्क्या तुंबल्या, कोळसा खाली उतरेना. माणसं लोखंडी सळ्यांनी ढोसत होती. चार वाजता एक संच बंद पडला, साडेचारला दुसरा. सगळा भार दुसऱ्या केंद्रांवर पडला आणि तीही एकामागून एक कोलमडली. अर्धा देश दोन दिवस विजेविना राहिला. गावातल्या इस्पितळात जनरेटर चालू होता, म्हणून तिथे निभावलं. पाण्याच्या टाक्या मात्र कोरड्या पडल्या.

चौकशी झाली. चौकशीवाल्यांनी आधी प्रमाणपत्र पाहिलं आणि ते अगदी ठीक होतं. मग राखताईची वही पाहिली. आदल्या दिवशीची तारीख, तीन चाचण्या, तीन आकडे, खाली सही. माल पुरवणाऱ्या दलालाचा करार रद्द झाला. व्यवस्थापकाची बदली झाली. जाताना तो प्रयोगशाळेत आला आणि म्हणाला, "तुम्ही बरोबर होता." ती म्हणाली, "तुमच्या जागी मी असते तर मीही कदाचित जाळलाच असता." हे ती त्याचं मन राखायला म्हणाली नव्हती. तिला शाबासकीचं एक पत्र मिळालं, त्यात तिचं पद चुकीचं लिहिलं होतं.

आणि महिन्याभरात तो चष्मेवाला अधिकारी खात्याच्या आणखी एकाला घेऊन परत आला. केस पांढरे झालेले, चष्मा आणखी जाड. आता खात्याला जुनी खाण उघडता येईल का ते पाहायचं होतं.

"माझ्या वह्या कुठे आहेत?" राखताईने पहिला प्रश्न विचारला.

तो ओशाळला. "असतील कुठेतरी अभिलेखागारात. बाई, तुम्ही सांगितलेलं कारण मी मसुद्यात लिहिलं होतं. वर गेल्यावर ते गळलं."

"मसुदा कोण वाचतं?" ती म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता. "खाणीचं म्हणाल तर ते मला नाही कळत. पाण्याचं कळणारा एकच माणूस आहे."

त्या माणसाच्या घरी ती आठ वर्षांनी गेली. अधिकाऱ्यांना तिने गाडीतच थांबायला सांगितलं. दादा अंगणात एक मोटार उघडून बसला होता. पाठ वाकली होती. त्याने वर पाहिलं, हात पुसले.

"ये," म्हणाला. जणू ती गेल्याच आठवड्यात येऊन गेली होती.

"दादा, खात्याची माणसं आलीत. खाण उघडायची म्हणतात."

तो हसला, पण तोंडातल्या तोंडात. मग आत गेला आणि एक शाळेची वही घेऊन आला. पहिल्या पानापासून तारखा, प्रत्येक तारखेपुढे मीटर आणि सेंटीमीटर. खटका खाली केल्यापासून दर रविवारी तो खाणीच्या तोंडाशी जाऊन दोरीला लोखंडी वजन बांधून पाण्याची पातळी मोजत होता. पाच वर्षांहून जास्त काळ, एकही रविवार चुकला नव्हता.

"कुणी सांगितलं होतं तुला हे?" तिने विचारलं.

"तुला कुणी सांगितलं होतं?"

ती पायरीवर बसून वही चाळत राहिली. वहिनी आतून पाणी घेऊन आल्या, दोघांकडे आलटून पालटून पाहिलं आणि तांब्या तसाच ठेवून परत आत गेल्या. दादा म्हणाला, "त्या वेळी तू खोटं लिहायला हवं होतंस असं माझं म्हणणं नव्हतं. खोटं लिहिलं असतंस तर मी तोंडही पाहिलं नसतं तुझं. पण खरं लिहिलंस म्हणूनही राग आला. आता याला काय म्हणायचं ते तूच सांग."

"काही नको म्हणायला," ती म्हणाली. "त्यांना बोलवू आत?"

अधिकाऱ्यांना दादाने बोटाने वहीतले आकडे दाखवत सांगितलं. पाणी दिवसाला चार बोटं चढत आलं, आता तोंडापासून चाळीस मीटरवर आहे. खालचे दोन थर गेले, त्यांचा नाद सोडा. वरचा थर पाण्याखाली जाऊन फार दिवस झालेले नाहीत. उपसलं तर दिसेल काय शिल्लक आहे ते. हमी कुणीही देत असेल तर तो खोटं बोलतोय.

उपसा सुरू झाला. दादाला सल्लागार म्हणून घेतलं. हातात कागद आणि डोक्यावर पिवळी टोपी घालून तो पुन्हा त्या तोंडाशी उभा राहिला. अकरा महिन्यांनी पाणी वरच्या थराखाली गेलं. आत उतरलेल्यांना बोगद्याचे दोन भाग शाबूत सापडले, तिसऱ्यात छत पूर्ण खाली आलं होतं. तेवढ्या दोन भागांतून कोळसा काढता येत होता, पण केंद्राच्या भुकेपुढे तो घासभर. खात्यात पुन्हा बैठका झाल्या. दरम्यान आणखी एका देशाशी पंधरा वर्षांचा नवा करार झाला. मग ठरलं की खाणीत दोन पंप कायम चालू ठेवायचे आणि शाबूत भाग अडीअडचणीसाठी राखून ठेवायचा. दादाने पूर्वी तीन अर्जांत मागितलं होतं ते तेवढंच. त्याला कुणी तसं म्हटलं नाही. पंपावर चार माणसं ठेवली, त्यांना शिकवून तो घरी आला.

बंदरावर येणारा प्रत्येक माल मात्र आता केंद्रातच तपासला जाऊ लागला आणि पैसे त्या आकड्यावर ठरू लागले. करारातलं ते एक वाक्य बदललं. प्रयोगशाळेत पुन्हा पाच माणसं आली. राखताईने त्यांना ढीग करायला शिकवलं आणि दोन वर्षांनी निवृत्त झाली.

निवृत्तीनंतरच्या हिवाळ्यात वहिनींनी टुमणं लावलं की इतकी वर्षं ज्या जहाजांनी घरात भांडण लावलं ती एकदा बघायची तरी. तिघं पाच तासांची बस करून बंदराला गेले. पहारेकऱ्याने आत सोडलं नाही. मग ते रस्त्याच्या पलीकडच्या उंचवट्यावर सतरंजी टाकून बसले. धक्क्याला एक जहाज लागलं होतं, गावातल्या बाजारपेठेहून लांब. क्रेनचा जबडा जहाजाच्या पोटात जाऊन कोळशाचा घास घेऊन वर यायचा, पुन्हा खाली जायचा.

"कुठल्या देशाचं असेल?" वहिनींनी विचारलं.

मागच्या बाजूला एक झेंडा फडकत होता. दादाने डोळ्यांवर हात धरून पाहिलं. राखताईने चष्मा पुसून पाहिलं. तो कुणालाच ओळखता आला नाही. दादाने जवळून चाललेल्या एका हमालाला विचारलं. तो म्हणाला, झेंडा एका देशाचा असतो, माल दुसऱ्याचा, खलाशी तिसऱ्याच देशाचे. मला विचाराल तर मला फक्त उतरवायचा किती ते माहीत असतं.

वहिनींनी डबे उघडले. परतीची बस तीन वाजता होती.